नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

दोस्तांनो, कंपासपेटीतली पट्टी काढा आणि वहीच्या मागच्या पानावर ११ सेंटिमीटरची एक उभी रेघ मारा. मारलीत? बस्स, एवढीच उंची आहे तिची! तळहातावर आरामात मावेल अशी एक दगडी बाई. वय मात्र साधारण ३०,००० वर्षं. म्हणजे आपली सिंधू संस्कृती तिच्यापुढे कालचं पोर!

ही बाई लठ्ठ आहे. 'जरा अंगानं भरलेली' वगैरे नाही, चांगली लठ्ठ. पोट पुढे आलेलं आणि खाली ओघळलेलं, मांड्या एकमेकींना चिकटलेल्या, कमरेवर चरबीच्या वळ्या. काडीसारखे बारीक हात छातीवर ठेवलेले आणि मनगटांवर कंकणांसारख्या दातेरी रेघा. डोकं किंचित खाली झुकलेलं. त्यावर गोल गोल ओळींत गुंफलेल्या वेण्या आहेत, किंवा विणलेली टोपी. दोन्ही मतं आहेत. चेहरा नाहीच. पावलंही नाहीत, त्यामुळे ती आपली आपण उभी राहू शकत नाही. तिला हातात धरायला हवं किंवा आडवं ठेवायला हवं.

ऑस्ट्रियात डॅन्यूब नदीच्या काठी विलेन्डॉर्फ नावाचं छोटंसं गाव आहे. १९०८ साली तिथे रेल्वेमार्गाचं काम चाललं होतं, आणि त्याच वेळी योझेफ सोम्बाथी यांच्या देखरेखीखाली उत्खननही. ७ ऑगस्टला एका मजुराला ही पुतळी सापडली. आता ती व्हिएन्नाच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात असते.

माझी तिची ओळख झाली आठवीत. गावच्या वाचनालयात जगाच्या इतिहासाचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, त्यात तिचा पानभर फोटो होता. तो मी शोधला नाही. वर्गातल्या मुलांनी शोधला, त्या पानात कागदाची खूण घातली आणि पुस्तक माझ्यासमोर आणून ठेवलं. "बघ, तुझा फोटो आलाय पुस्तकात!" मी तेव्हा वर्गातली सगळ्यांत जाड मुलगी होते. 'भोपळा', 'ढब्बू', 'रोड रोलर' अशी माझी बरीच नावं होती. त्यात आता 'व्हीनस' या नावाची भर पडली, कारण फोटोखाली तसं छापलेलं होतं. ते नाव दहावीपर्यंत टिकलं.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे माझी भाची. सध्या नववीत आहे आणि डबा अर्धा परत आणते. का, ते विचारलं की "भूक नव्हती" म्हणते. मागच्या सुट्टीत तिला मी या बाईचं चित्र दाखवलं. तिनं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "मावशी, हिला कुणी चिडवत नसेल ना गं?"

काय उत्तर द्यायचं? ३०,००० वर्षांपूर्वीचं चिडवणं काही जमिनीत पुरून राहत नाही. पण दगडात जे आहे, ते तर बघता येतं!

आधी दगडाचंच बघू. हा एक प्रकारचा चुनखडक आहे, बारीक बारीक गोल दाण्यांचा. माशाची गाभोळी पाहिली असेल तर तिची आठवण येईल, अगदी तसा. विलेन्डॉर्फच्या आसपास असा दगड मिळत नाही. मग तो आला कुठून? २०२२ साली संशोधकांनी याचं उत्तर प्रसिद्ध केलं. दवाखान्यात माणसाचं सीटी स्कॅन करतात ना, तसलंच पण त्याहून कितीतरी बारकाईनं बघणारं स्कॅन त्यांनी या पुतळीचं केलं. दगडाच्या आत दाण्यांचे आकार दिसले, एका शिंपल्याचा अडीच मिलिमीटरचा तुकडा दिसला. मग युरोपभरातल्या खडकांचे नमुने ताडून पाहिले. सगळ्यांत जवळचं साम्य निघालं उत्तर इटलीतल्या गार्डा सरोवराजवळच्या खडकाशी! मध्ये आल्प्सचे डोंगर आणि शेकडो किलोमीटरचं अंतर. दगड म्हणून आला की पुतळी म्हणून, एकाच माणसानं आणला की बापानं लेकीला आणि लेकीनं नातीला देत देत आला, ते ठाऊक नाही. पण कुणीतरी तो वाहून आणला, हे नक्की. आणि तेही घोडागाडी नसताना, चाकाचा शोधच लागलेला नसताना! सतत फिरत राहणारी शिकारी माणसं ती. पाठीवरच्या ओझ्यात काय घ्यायचं आणि काय टाकायचं, याचा विचार त्यांना रोजच करावा लागत असणार.

त्याच स्कॅनमध्ये आणखी एक गंमत कळली. या दगडात मध्ये मध्ये लोहखनिजाचे कडक दाणे आहेत. कोरताना असा दाणा निखळला की वाटीसारखा खड्डा पडतो. बाईची बेंबी हा बहुधा असाच एक आयता खड्डा असावा. म्हणजे कोरणाऱ्यानं अडचणीचाच उपयोग करून घेतला. मला हा माणूस फार आवडतो. (की ही बाई? कोरणारा पुरुषच होता, असं कुणी सांगितलं?)

हत्यारं चकमकीच्या दगडाची. त्यांनी टवके काढत, घासत, टोकरत हे काम करायचं. नीट पाहिलंत तर कोरणाऱ्यानं कष्ट कुठे घेतलेत ते दिसतं. चेहऱ्यावर शून्य. हातांवर थोडे. पण कमरेवरच्या चरबीच्या वळ्या, पाठीकडून कुशीकडे येणारी घडी, गुडघ्याच्या वरचा गुबगुबीतपणा, हे सगळं अगदी जसंच्या तसं. नुसता गोलमटोल दगड करायचा असता तर पोटाच्या जागी एक गोळा काढून काम भागलं असतं. चरबी अंगावर कुठे साठते, कुठे दुमडते, बसल्यावर कुठे जाते, हे मला माझ्या अंगावरून माहीत आहे. कोरणाऱ्यालाही ते माहीत होतं. म्हणजे अशी बाई त्यानं किंवा तिनं पाहिलेली होती, आणि चांगली निरखून पाहिलेली होती. शेवटी तिला गेरू फासून लाल केलं. त्या लालीचे अंश अजून दगडावर आहेत.

कुणाची टिंगल करायला भिंतीवर कोळशानं चार रेघा ओढल्या तरी पुरतात. त्यासाठी कुणी शेकडो किलोमीटरवरचा दगड कोरत बसत नाही. भाचीला मी हेच सांगितलं. तिला ते अर्धंमुर्धंच पटलं.

आता त्या 'व्हीनस' नावाकडे वळू. आपल्या भाषेत एक मजा आहे. बाळाचं 'नाव ठेवतात' तेव्हा पेढे वाटतात, आणि कुणाला 'नावं ठेवतात' तेव्हा तोंड फिरवून हसतात. एका अनुस्वाराचा फरक! या पुतळ्यांच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकदमच झाल्या.

व्हीनस ही रोमन लोकांची सौंदर्यदेवता. १८६४च्या सुमारास फ्रान्समध्ये मार्क्विस द व्हिब्रे नावाच्या सरदाराला हस्तिदंताची एक छोटी, डोकं नसलेली पुतळी मिळाली. ग्रीक-रोमन पुतळ्यांमधली व्हीनस पुष्कळदा हातांनी अंग झाकून घेताना दाखवतात. ही तसं काही करत नव्हती. म्हणून साहेबांनी तिचं नाव ठेवलं 'निलाजरी व्हीनस'! आणि ऐका, ही पहिली व्हीनस चक्क बारीक होती. पुढे जाड-बारीक, जी कुठली जुनी पुतळी सापडेल तिला व्हीनसच म्हणायची पद्धत पडली. जाड पुतळीला सौंदर्यदेवतेचं नाव दिलं की ऐकणाऱ्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू येणार, हे देणाऱ्यांना कळत नसेल असं मला वाटत नाही.

कारण तोवर त्या नावाचा एक वाईट वापर होऊन गेला होता. सारा बार्टमन ही दक्षिण आफ्रिकेतल्या खोईखोई जमातीची तरुणी. तिचे नितंब मोठे होते. १८१० साली तिला लंडनला नेलं आणि पैसे घेऊन लोकांना दाखवायला उभं केलं. जाहिरातीत तिच्या जमातीचं एक तुच्छतादर्शक नाव आणि त्यापुढे 'व्हीनस' असं लिहिलेलं असे. लोक यायचे, बघायचे, हसायचे. मग तिला पॅरिसला नेलं. तिथे १८१५ मध्ये ती वारली, जेमतेम पंचविशीत. मेल्यावरही सुटका नाही. तिचा सांगाडा आणि शरीराचा साचा संग्रहालयात ठेवला गेला, आणि शेवटी शेवटी पॅरिसच्या 'म्यूझे द लोम' या मानव-संग्रहालयात १९७४ पर्यंत तो लोकांना बघायला मिळत होता! दक्षिण आफ्रिका स्वतंत्र वृत्तीनं उभी राहिल्यावर नेल्सन मंडेलांनी तिला परत मागितलं. २००२ साली फ्रान्सनं तिचे अवशेष परत दिले आणि ९ ऑगस्टला, त्या देशाच्या महिलादिनी, तिला तिच्या मातीत पुरलं.

त्याच संग्रहालयात लेस्प्यूगची हस्तिदंती पुतळी आहे. १९२२ साली सापडलेली, छाती आणि नितंब भलेमोठे असलेली. आणि तिलाही व्हीनसच म्हणतात. हे मला कळलं त्या दिवशी मला आठवीतल्या मुलांचा राग आला नाही, कारण त्यांनी नुसतं फोटोखालचं नाव वाचलं होतं. ते छापणाऱ्या मोठ्या माणसांचा आला. हल्ली पुष्कळ अभ्यासक 'विलेन्डॉर्फची स्त्री' असं साधं म्हणतात. मीही तेच म्हणते.

मराठीतही शब्द जपूनच वापरायला हवा बरं का! 'मूर्ती' म्हटलं की आपले हात आपोआप जोडले जातात. 'बाहुली' म्हटलं की ती खेळायची वाटते. म्हणून मी आपलं 'पुतळी' म्हणतेय.

मग ही होती तरी कोण? देवी, असं फार लोक सांगतात. सुफलतेची देवी, आदिमाता वगैरे. असेलही. पण लिहिण्याची कला जेमतेम पाच हजार वर्षांची, म्हणजे हिच्याबद्दल कुणी काही लिहून ठेवलेलं असणं शक्य नाही. देवी म्हणायचं तर काहीतरी खूण हवी. आपल्या पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून खणलं. तिथे तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या एका घराच्या जमिनीखाली मातीची पेटी पुरलेली निघाली. पेटीत बिनडोक्याची एक स्त्री, आणि सोबत मातीचा बैल. इतकं जपून, पेटीत घालून, घराखाली पुरलेलं काहीतरी पूजेचं असावं, असं म्हणायला तिथे आधार आहे. विलेन्डॉर्फच्या बाईला अशी पेटी नाही.

१९९६ मध्ये लेरॉय मॅकडर्मॉट या अमेरिकन अभ्यासकानं वेगळाच मुद्दा मांडला. म्हणाला, आरसा नसलेल्या काळात बाईनं मान खाली घालून स्वतःकडे पाहिलं तर काय दिसेल? छाती आणि पोट मोठं, पाय निमुळते होत गेलेले, पावलं दिसतच नाहीत आणि चेहरा तर नाहीच! म्हणजे या बायकांनी स्वतःच कोरलेल्या स्वतःच्या पुतळ्या आहेत. करून बघा, मजा येते. पण मला एक शंका आहे. पाठीच्या वळ्या कशा दिसल्या? त्या मला आजपर्यंत माझ्या मला दिसलेल्या नाहीत.

२०२० मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या काही डॉक्टरांनी पुतळ्यांची मोजमापं काढली. कंबर किती, नितंब किती, खांदे किती. त्यांना दिसलं असं की हिमनद्या जिथे जवळ होत्या आणि बर्फ पुढे सरकत होतं, तिथल्या पुतळ्या जास्त लठ्ठ. तो हिमयुगाचा काळ. मॅमथ, रेनडिअर, जंगली घोडे यांच्या मागे फिरायचं, शिकार मिळाली तर जेवण. एक ग्रॅम चरबीत ९ किलोकॅलरी ऊर्जा असते, आणि पिठात किंवा साखरेत फक्त ४. पोटात बाळ असताना आणि नंतर त्याला पाजताना आईला हीच साठवण कामी येते. म्हणून 'अशी हो, आणि जग' असा आशीर्वाद म्हणून या पुतळ्या मुलींच्या हातात देत असतील, असं त्यांना वाटतं. सगळ्या अभ्यासकांना हे मान्य नाही. पुतळ्या थोड्या, मोजायची पद्धत ढोबळ, असं ते म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे.

पण मला हे वाचताना माझी आजी आठवली. दुष्काळ पाहिलेली बाई. कुणाकडे सून आली आणि ती अंगानं भरलेली असली, की आजी कौतुकानं म्हणायची, "खात्यापित्या घरची दिसते हो!" लग्नानंतर कुणी जाड झालं तर "तब्येत सुधारली" म्हणायची. मलाही तिनं जन्मात कधी जाडी म्हटलं नाही. 'बाळसेदार' म्हणायची, आणि तेसुद्धा मी आठवीत असताना! भुकेची आठवण ज्याच्या पोटात आहे, त्याचे डोळे वेगळे असतात. (वजनाबद्दल डॉक्टर काही सांगतील ते जरूर ऐकावं. ते सांगणं वेगळं आणि रोड रोलर वेगळं.)

आणि हो, त्या काळातल्या सगळ्याच पुतळ्या लठ्ठ नाहीत. सैबेरियात माल्टा इथे सापडलेल्या पुष्कळशा सडपातळ आहेत, काहींनी तर नखशिखान्त फरचे कपडे घातलेत. जर्मनीतल्या होले फेल्स गुहेत २००८ साली मिळालेली, मॅमथच्या दाताची सहा सेंटिमीटरची पुतळी मात्र चांगली भरदार आहे. ती किमान ३५,००० वर्षांपूर्वीची, आणि डोक्याच्या जागी चक्क एक कडी! म्हणजे कुणीतरी तिला दोऱ्यात ओवून गळ्यात घालत असावं.

लठ्ठ बायका कोरणं पुढे शेतीच्या काळातही थांबलं नाही. तुर्कस्तानातल्या चाटलहोयुक या आठ-नऊ हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत २०१६ साली एक दगडी बाई अखंड सापडली. १७ सेंटिमीटर लांब, वजन साधारण एक किलो. तिथल्या उत्खननाचे प्रमुख इयन हॉडर यांना ती देवी वाटत नाही. त्यांच्या मते ही मान असलेली, वयानं मोठी झालेली बाई. गावातली शेताची ढोर मेहनत आता जिला करावी लागत नाही, जी बसून चार गोष्टी सांगते आणि बाकीचे ऐकतात, अशी. आपल्याकडे प्रत्येक वाड्यात अशी एक काकू असतेच की! मला हे उत्तर बाकीच्यांपेक्षा जास्त आवडतं, पण आवडतं म्हणजे खरं असं नव्हे. आणि चाटलहोयुक आणि विलेन्डॉर्फ यांच्यात वीस हजारांहून जास्त वर्षांचं अंतर आहे. एकीचं उत्तर दुसरीला लागू पडेलच असं नाही.

मी व्हिएन्नाला गेले तेव्हा तिला पाहिलं. संग्रहालयासमोरच्या चौकात महाराणी मारिया तेरेसाचा प्रचंड पुतळा आहे. सोळा मुलांची आई, सिंहासनावर ऐसपैस बसलेली, चांगली ऐवजदार बाई. तिला कुणी काही म्हणत नाही! आत गेलं की दगडी बाई एका छोट्या अंधाऱ्या खोलीत एकटी उभी, काचेत, वरून दिव्याचा झोत. माझ्या आधी एक कुटुंब होतं. आई-बाबा कुजबुजत होते आणि लहान मुलगा काचेला नाक लावून बघत होता. मी तिला मागून पाहिलं. फोटोत ती बाजू सहसा नसते. पाठ फार सुंदर कोरली आहे.

आता भाचीच्या प्रश्नाकडे येते. त्याच्या सगळ्यांत जवळ जाणारी एक वस्तू आहे, पण ती व्हिएन्नात नाही. विलेन्डॉर्फपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, आजच्या चेक प्रजासत्ताकात, दोल्नी व्हेस्तोनित्से नावाची जागा आहे. तिथेही हिमयुगातल्या शिकाऱ्यांची वस्ती होती. १३ जुलै १९२५ रोजी तिथल्या राखेच्या थरात एक पुतळी दोन तुकड्यांत सापडली. तीही साधारण ११ सेंटिमीटरची, तीही लठ्ठ, मोठ्या छातीची, रुंद कमरेची. डोळ्यांच्या जागी दोन तिरक्या चिरा. पण ही दगडाची नाही, मातीची आहे, आणि भाजलेली. माणसानं माती भाजून केलेल्या सगळ्यांत जुन्या वस्तूंपैकी ही एक. मडकं भाजायची कल्पना तिथे कुणाला सुचायच्या कितीतरी हजार वर्षं आधी! त्या जागी मातीच्या प्राण्यांचे आणि माणसांचे हजारो तुकडे निघाले. पुष्कळसे आगीत तडकून फुटलेले. ओली माती मुद्दाम आगीत टाकून ती फटाक्यासारखी फुटताना पाहत असतील, असंही काही संशोधकांना वाटतं. ही बाई मात्र फुटून उडाली नाही.

तर २००४ मध्ये तिचं स्कॅन केलं तेव्हा तिच्या पाठीवर बोटाचा एक ठसा दिसला. माती ओली असताना, भाजायच्या आधी उमटलेला. ठशातल्या रेघा मोजून संशोधकांनी वयाचा अंदाज केला. सात ते पंधरा वर्षं. म्हणजे तुमच्यापैकीच कुणीतरी! तिला घडवणारं ते मूल नसावं, असं म्हणतात. मग हात कसा लागला? पुतळी कुणी धरायला दिली असेल, किंवा "हात लावू नको, ओली आहे अजून" असं बजावूनही लावला असेल.

त्या मुलाला किंवा मुलीला ती कोण आहे ते ठाऊक होतं. देवी, आजी, शेजारची काकू, जी कोण असेल ती. तिला काय म्हणतात, तेही ठाऊक होतं.

ती पुतळी ब्रनो शहरातल्या मोराव्हियन संग्रहालयाची आहे. फार नाजूक असल्यामुळे बहुतेक वेळ कुलपात असते, क्वचितच बाहेर काढतात. भाचीनं तिचं चित्र मागून घेतलं आणि वहीत चिकटवलं. ठसा पाठीवर आहे, तो चित्रात दिसत नाही, म्हणून तिनं बाजूला बाण काढून लिहून ठेवलंय, 'इथे मागे.'